फाइल मोबाइलमध्ये, प्लेअर आजीच्या खोलीत

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कितीतरी घरांत टीव्हीखालच्या कप्प्यात डीव्हीडी प्लेअर अजून जागेवर आहे. तरुण मंडळी मोबाइलवर बघतात. आजी-आजोबांच्या हाताला मात्र त्या प्लेअरची सवय आहे: बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, डिस्क ठेवली की चित्र सुरू होतं. त्यांना नातीच्या लग्नाचं शूटिंग बघायचं असतं, सप्ताहातलं काल्याचं कीर्तन बघायचं असतं, बैलगाडा शर्यतीच्या घाटात आपल्या बैलांची बारी कशी पळाली ते बघायचं असतं. हे सगळं असतं मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर. मग घरातलं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून फाइल डिस्कवर टाकतं, डिस्क प्लेअरमध्ये घालतं आणि समोर ‘नो डिस्क’ अशी अक्षरं उमटतात. ‘प्लेअर आता उचलत नाही’ म्हणून तो माळ्यावर किंवा भंगारात जातो. बहुतेक वेळा प्लेअर धड असतो, डिस्क चुकीच्या पद्धतीनं भरलेली असते. ती बरोबर भरणं घरच्या घरी जमण्यासारखं आहे.

डिस्क मुळात हवी आहे का, हे आधी तपासा. टीव्ही गेल्या काही वर्षांतला असेल आणि मागे यूएसबीची जागा असेल तर मोबाइलची फाइल पेनड्राइव्हवरून थेट चालण्याची शक्यता मोठी आहे. तिथे डिस्कचा खटाटोप कशाला? प्लेअरलाच यूएसबी असेल तर मात्र फसगत होते. जुन्या प्लेअरचं यूएसबी ‘एव्हीआय’ किंवा ‘एमपीजी’ फाइल चालवतं, मोबाइलची ‘एमपीफोर’ सहसा चालवत नाही. पेनड्राइव्हही ‘फॅट ३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो आणि त्या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. फायलींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी नावांच्या जागी प्लेअर नुसते चौकोन दाखवतो. ज्या घरात यूएसबी कुठेच नाही, किंवा सप्ताह कमिटीला पाच-पन्नास घरांत प्रती वाटायच्या आहेत, तिथे डीव्हीडीच करावी.

प्लेअर काय वाचतो

घरच्या प्लेअरसाठीची डिस्क म्हणजे फायलींचा डबा नव्हे. डीव्हीडी-व्हिडिओ हा ठरलेला साचा आहे. त्यात ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं. त्या फोल्डरमध्ये चित्र आणि आवाज एकत्र बांधलेल्या ‘व्हीओबी’ फायली असतात, कुठून सुरू करायचं आणि कुठे उडी मारायची हे सांगणाऱ्या ‘आयएफओ’ फायली असतात, आणि त्या खराब झाल्या तर उपयोगी पडणाऱ्या ‘बीयूपी’ प्रती असतात. चित्र सहसा एमपेग-२ पद्धतीनं दाबलेलं असतं. भारतातल्या पाल पद्धतीत त्याचा आकार ७२० बाय ५७६ आणि वेग सेकंदाला २५ फ्रेम. आवाज ‘एसीथ्री’, ‘एमपीटू’ किंवा ‘पीसीएम’, आणि तोही ४८ किलोहर्ट्झचाच. मोबाइल याच्या उलट एच २६४ किंवा एच २६५ पद्धतीनं, बहुधा सेकंदाला ३० फ्रेमनं शूटिंग करतो. जुन्या प्लेअरमधल्या चिपला ती भाषाच कळत नाही. फाइलचं नाव बदलून किंवा तिच्या शेपटीला ‘व्हीओबी’ जोडून काहीही साधत नाही.

विंडोज इथे आणखी एक खोडा घालतं. कोरी डिस्क घातली की ते विचारतं, ही यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय आधीच निवडलेला असतो आणि घाईत तोच दाबला जातो. अशी डिस्क घरचा प्लेअर उचलणारच नाही. दुसरा पर्याय घेऊन नुसती एमपीफोर टाकली तरी ती डेटा डिस्कच होते. दोन कामं व्हायला हवीत. फाइल एमपेग-२ मध्ये आणून साच्यात बसवायची, आणि मग तो तयार साचा डिस्कवर उतरवायचा.

पहिल्या कामासाठी ‘डीव्हीडीस्टायलर’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. नवा प्रोजेक्ट उघडताना तो डिस्कचा आकार, पाल की एनटीएससी, पडदा चार-तीनचा की सोळा-नऊचा, आवाज कोणत्या पद्धतीचा, हे विचारतो. ४.७ जीबी, पाल, सोळा-नऊ आणि एसीथ्री निवडा. मग फाइल ओढून आत टाका आणि शेवटी थेट डिस्क न लिहिता ‘आयएसओ इमेज’ तयार करा. इमेज कॉम्प्युटरवर असली की व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून आधी नीट बघता येते आणि पुढच्या सगळ्या प्रती त्याच इमेजवरून निघतात.

मोबाइलच्या फायलींची एक खोड ध्यानात ठेवा. उजेड कमी-जास्त होईल तसा मोबाइल फ्रेमचा वेगही बदलत राहतो. अशी फाइल थेट रूपांतरित केली की आवाज हळूहळू मागे पडत जातो. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि तासाभरानं अक्षता पडून गेल्यावर ‘सावधान’ ऐकू येतं. यावर उपाय असा: फाइल आधी ‘हँडब्रेक’मधून काढा, तिथे ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा, आणि मग ती डीव्हीडीस्टायलरला द्या.

३० फ्रेमचं शूटिंग २५ वर आणताना दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात. कीर्तनकार उभे राहून निरूपण करत असतील तर हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. घाटात बैल पळत असतील तर चित्र ठेचा खात पुढे जातं. अशा वेळी डिस्क एनटीएससी पद्धतीनं, म्हणजे ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेमनं करून बघा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, फक्त सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम ‘मल्टी’ किंवा ‘ऑटो’वर हवी. जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसलं तर मात्र मुकाट पालवर परत या. पुढच्या वेळी शूटिंगआधीच मोबाइलचा वेग २५ वर लावता आला तर प्रश्नच मिटतो, कितीतरी मोबाइलमध्ये ती सोय असते. आणि मोबाइल आडवा धरा. उभं शूटिंग टीव्हीवर मधल्या पट्टीपुरतं दिसतं. दोन्ही बाजूंच्या काळ्या जागा भरायला ते ताणू नका, नवरा-नवरी निम्म्या उंचीची होतात.

बारीला किती, कीर्तनाला किती

डिस्कवर किती मिनिटं बसवायची यावर चित्राचा कस ठरतो. डिस्कवर ४.७ जीबी असं छापलेलं असलं तरी विंडोज तीच जागा ४.३७ जीबी दाखवतं. मोजण्याची रीत वेगळी, जागा तेवढीच. हिशेब सोपा ठेवायचा तर ६०० ला एकूण मिनिटांनी भागा. येणारा आकडा म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला किती मेगाबिट परवडतात. दोन तासांच्या शूटिंगला ५ येतात, दीड तासाला साडेसहाच्या वर. तासाभराला १० येतात, पण तेवढे देऊ नका. डीव्हीडीची कमाल मर्यादाच १०.०८ आहे, आणि घरी लिहिलेल्या डिस्कवर त्या काठाशी गेलं की जुने प्लेअर अडखळतात. चित्राला ८ ही वरची हद्द धरा.

हा आकडा सगळ्या शूटिंगला सारखा लावून चालत नाही. एमपेग-२ मध्ये एका फ्रेमहून दुसऱ्या फ्रेमकडे जाताना जेवढं बदलतं तेवढ्याचाच हिशेब ठेवला जातो. कीर्तनात कॅमेरा तिकाटीवर असतो, मागचा पडदा हलत नाही, टाळकरी आपल्या जागी डुलत असतात. तिथे साडेतीन मेगाबिटमध्येही चित्र स्वच्छ राहतं आणि अडीच तासांचं कीर्तन एका डिस्कवर आरामात मावतं. घाटातल्या बारीत धुळीचा लोट, धावणारी माणसं, उडणारा भंडारा आणि वळणारा कॅमेरा हे सगळं एकदम बदलत असतं. तिथे साडेतीन दिले तर नेमक्या क्षणी, बैल निशाणाशी येतात तेव्हाच, चित्राचे चौकोन होतात. शर्यतीला सात-आठ मेगाबिट द्या आणि एका डिस्कवर तासाभराहून जास्त कोंबू नका. लग्नात विधींना चार-साडेचार चालतात. वरातीतला अंधार आणि लुकलुकणारे दिवे मात्र शर्यतीइतकेच खादाड असतात. म्हणून वरात वेगळ्या डिस्कवर काढणं मला बरं वाटतं.

कीर्तनात बचत चित्रात करा, आवाजात नको. टाळांचा वरचा स्वर कमी बिटमध्ये आधी मरतो आणि त्याच्या जागी चरचर उरते. एसीथ्रीला किमान १९२ किलोबिट द्या, जमल्यास २५६. चित्राच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे.

तीन तासांच्या वरचं काही एकाच डिस्कवर बसवायची वेळ आलीच, तर चित्राचा आकार ३५२ बाय ५७६ करा. डीव्हीडीच्या साच्यात तो चालतो. पूर्ण आकाराचं उपाशी चित्र बघण्यापेक्षा अर्ध्या रुंदीचं पोटभर चित्र डोळ्यांना केव्हाही सुखाचं. सात दिवसांच्या सप्ताहाला मात्र रोजची एक डिस्क करावी. एकावर सगळं कोंबण्यात काही शहाणपण नाही.

मेनूबद्दल माझं मत ठाम आहे. थोरल्यांसाठीच्या डिस्कला मेनू नसावा. गुलाबांच्या चौकटीत फिरणारे फोटो आणि खाली बारीक अक्षरांतली बटणं बघून त्यांना पुढे काय करायचं ते कळत नाही, रिमोटचं ‘एंटर’ कुठे आहे तेही सापडत नाही. डीव्हीडीस्टायलरमधला मेनू काढून टाका, म्हणजे डिस्क घातली की चित्र थेट सुरू होतं. त्याऐवजी चॅप्टर नीट घाला: हळद, सीमंतपूजन, मंगलाष्टका, सप्तपदी, पाठवणी. रिमोटवरचं ‘नेक्स्ट’ दाबलं की पुढचा विधी. कीर्तनाला दर दहा मिनिटांनी एक चॅप्टर पुरतो. पडद्यावर नावं टाकणार असाल तर कडेपासून एक दशांश आत ठेवा. जुन्या डब्बा-टीव्हीच्या काचेआड चित्राची कड झाकली जाते आणि नवरीच्या नावाचं पहिलं अक्षर कापलं जातं. अशा टीव्हीवर माणसं लांबट दिसली तर प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘चार-तीन लेटरबॉक्स’ निवडा.

कपाटातल्या व्हीसीडी आधी बाहेर काढा

या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत लागलेल्या लग्नांचं शूटिंग अनेक घरांत व्हीसीडीवर आहे, दोन-तीन सीड्यांच्या संचात. बैलगाडा शर्यतींचंही तसंच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत घाट ओस होते. त्याआधीचे नामांकित बैल आणि त्यांचे गाडामालक यांतले कित्येक आज नाहीत. ज्यांच्याकडे त्या बाऱ्यांच्या सीड्या आहेत त्यांनी हे काम यंदाच हाती घ्यावं असं मी कळकळीनं सांगेन.

त्यामागे तांत्रिक कारण आहे. सीडीचा माहितीचा थर वरच्या, छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. वरून ओरखडा गेला, चिकटपट्टी लावून ओढली, की तो थर सोलून निघतो आणि तिथलं चित्र कायमचं जातं. शिवाय व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून चूक दुरुस्त करणारी जादा माहिती गाळलेली असते. जो ओरखडा डेटाची सीडी सहज सोसते, तो व्हीसीडीला भारी पडतो.

सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की ‘एमपेगएव्ही’ नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात ‘एव्हीसेक ०१’ अशी डॅट फाइल. ती आधी हार्डडिस्कवर उतरवा. कॉपी मध्येच अडली तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर करून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली सीडी दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा होतं. ‘व्हीसीडीगिअर’ हा छोटा प्रोग्राम डॅटचं साफ एमपीजी करून देतो.

इथे बहुतेक जण, दुकानदारही, एक नुकसान करून बसतात. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ आकाराचं, एमपेग-१ पद्धतीचं असतं. ते ताणून, नव्यानं दाबून डीव्हीडीच्या पूर्ण आकारात आणलं जातं, आणि मुळात धूसर असलेलं चित्र आणखी धूसर होतं. त्याची गरजच नाही. हेच एमपेग-१ चित्र डीव्हीडीच्या साच्यात जसंच्या तसं चालतं. फक्त आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, तो ४८ वर आणावा लागतो. डीव्हीडीस्टायलरमध्ये फाइलच्या गुणधर्मांत चित्रासाठी ‘कॉपी’ निवडा आणि आवाज तेवढा बदलू द्या. चित्र मूळचं राहतं आणि तीन सीड्यांचं सगळं लग्न एका डीव्हीडीच्या निम्म्या जागेत बसतं. उठून सीडी बदलण्याची कटकटही जाते.

स्वतःच्या घरचं शूटिंग असं कितीही वेळा उतरवा. विकत आणलेल्या चित्रपटांच्या किंवा गाण्यांच्या डिस्कच्या प्रती काढून विकणं मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

डिस्क लिहिताना

कोरी डिस्क घेताना ‘डीव्हीडी-आर’ घ्या, मधलं चिन्ह वजाचं असलेली. जुन्या प्लेअरना ती सगळ्यांत सोयीची पडते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क स्वस्तात चाचणी करायला बरी वाटते, पण तिच्यावरून लेझर फार कमी परततो. थकलेल्या लेन्सच्या प्लेअरनं ती नाकारली म्हणून तुमचं काम चुकलं असं होत नाही. दुकानात फार जुना गठ्ठा असेल तर तो टाळा. २००७ मध्ये २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घराघरांत पोचलेली मोझर बेअर ही कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. त्या काळचा माल शेल्फवर पडून असेल तर त्यातला रंगद्रव्याचा थर न वापरताही जुना झालेला असतो. शिरूर-दौंडच्या बाजारात मनाजोगता माल मिळाला नाही, तर पुण्याला गेल्यावर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करा.

आयएसओ इमेज डिस्कवर उतरवायला विंडोज ७ पासून वेगळा प्रोग्राम लागत नाही. फाइलवर माउसचं उजवं बटण दाबा, ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा, आणि लिहून झाल्यावर तपासण्याच्या चौकोनात खूण करा. वेग निवडायचा असेल तर ‘इमगबर्न’ वापरा आणि ८ किंवा ४ ठेवा. सगळ्यांत वरचा वेग नको. लिहिताना वीज गेली की डिस्क वाया, म्हणून लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवा आणि साध्या कॉम्प्युटरला यूपीएस जोडा. बाहेरून जोडायचा रायटर हबला लावू नका, त्याला पुरेसा करंट मिळत नाही आणि तो मध्येच थांबतो.

डिस्क झाली की घरच्या प्लेअरवर तिची शेवटची दहा मिनिटं आधी बघा. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि खोट असली तर बाहेरच्या कडेलाच पहिल्यांदा दिसते. सुरुवात बघून प्रती वाटल्या तर पाठवणीच्या वेळी डिस्क अडकली अशा तक्रारी घरोघरून येतात.

वर लिहायला सीडी मार्करच वापरा. बॉलपेननं दाब पडतो. गोल स्टिकर लावू नका, तो किंचित जरी एका बाजूला गेला तरी फिरताना तोल जातो. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात टीव्हीच्या वरची जागा भट्टीसारखी तापते. डिस्क तिथे न ठेवता आतल्या भिंतीच्या कपाटात, कडक डबीत, उभ्या ठेवा.

हे सगळं दुकानातून करून घेणार असाल तर नुसतं ‘सीडी मारून द्या’ म्हणू नका. ‘डीव्हीडी-व्हिडिओ करून द्या, डेटा नको, मेनू नको, चॅप्टर हवेत, एका डिस्कवर दोन तासांच्या वर घालू नका’ असं स्पष्ट सांगा. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, तिथे तो दाबला जातो आणि चित्राचा कस आधीच गेलेला असतो. मोबाइल आणि केबल घेऊन जा, किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, त्यात २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. व्हीसीडी देत असाल तर चित्र नव्यानं न दाबता डीव्हीडीवर घ्यायला सांगा. परत येताना डिस्कबरोबर मूळ फाइल आणि आयएसओ इमेज पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि ती दोन वेगवेगळ्या घरांतल्या हार्डडिस्कवर उतरवा. उद्या मुंबईच्या मावशीला प्रत हवी झाली, किंवा हीच डिस्क खराब झाली, तर नवी डिस्क त्या इमेजवरून निघेल आणि चित्र पहिल्या प्रतीइतकंच चांगलं असेल. दुकानदार इमेज पुसून टाकण्याआधी हे करा, कारण लग्नसराई संपली की जागा मोकळी करायला तो आधी जुनी कामंच काढतो.